एकवीस वॅट

आधी वास आला.
मग ओजस आला, तळहातावर चार हातांचं ते यंत्र
मेलेल्या कोळ्यासारखं धरून,
म्हणाला, काकू, लाल-काळी उलटी जोडली.
तीन सेकंद.
खालच्या मजल्यावरच्या दोन पोरांना वर्षभर पाढे शिकवून
साठवलेले पैसे
नेहरूनगरात, तिसऱ्या माळ्यावर,
पांढऱ्या दोऱ्यासारखे छताकडे गेले.

रागावले नाही मी.
टेलिफोन एक्स्चेंजात एकतीस वर्षं काढली,
तिथे धन टोक जमिनीला बांधलेलं असे
आणि सगळं शहर उणे अठ्ठेचाळीस व्होल्टवर बोलत असे,
हॅलो म्हणणाऱ्या कुणालाच त्याचा पत्ता नसे.
तेव्हा रंगावर जाऊ नकोस, म्हटलं.
लाल म्हणजे धन, हे कुणीतरी ठरवलेलं असतं
आणि तो कुणीतरी दुपारचं जेवून
पेंगत पेंगत सोल्डर करत असतो.
मीटर लाव. मग पुन्हा लाव.

नवा बोर्ड यायला दिवाळी उलटली.
तोवर मी अँटॉप हिलच्या गॅरेजवाल्या फकीरभाईंकडून
भंगारात निघालेल्या टॅक्सीच्या इंडिकेटरचा बल्ब आणला.
बारा व्होल्ट, एकवीस वॅट, काच जरा धुरकटलेली.
इतकी वर्षं नुसतं सांगत होता, वळतोय, वळतोय.
आता बॅटरी आणि बोर्ड यांच्या मधल्या तारेत ओवून
उंबऱ्यावर बसवला त्याला.

ऐक. आपण दिवा विझला म्हणत नाही,
शांत झाला म्हणतो.
हा शांत व्हायलाच हवा.
क्षणभर चमकून मालवला तर घर ठीक आहे.
पेटून राहिला, भगभगीत,
तर आत कुठेतरी दोन तारांचं गुळपीठ जमलंय
आणि बोर्डाला लागायचा तो जाळ
हा आपल्या अंगावर घेतोय.
आधी ओढून काढ, मग विचार कर.

तो वहीत लिहून घेत होता, मी मेथी निवडत होते.
पाती उतरवून ठेव, टेबलावर पातीसकट कधीच नाही.
भाकरी फुगली तर बाईचं कौतुक,
बॅटरी फुगली तर वाळूच्या कुंडीत, गॅलरीत,
पडद्यापासून लांब.
चार्जिंगला लावून क्रिकेटला पळायचं नाही.
आणि अँटेना लावल्याशिवाय
चित्र पाठवणाऱ्या त्या चिमुकल्या डबीला वीज द्यायची नाही.
बोललेलं बाहेर जायला वाट नसली
की बोलणारा आतल्या आत तापत जातो.
इथे मी जरा थांबले.
जुडीही संपली होती.

शनिवारी रात्री जोडलं.
बल्ब पेटला. पेटूनच राहिला,
ओजसचं नाक, कपाळ, सगळं केशरी.
काढलं.
मग भिंगाखाली तासभर.
दोन टाक्यांच्या मधे कथलाचा एक तंतू,
पापणीच्या केसाहून बारीक.
दाभणाने उचलला, जुन्या टूथब्रशने घासलं,
मीटरची पीऽऽ थांबली.
पुन्हा जोडलं.
बल्ब लुकलुकला
आणि शांत झाला.
मोटारींनी तीन चढते सूर काढले,
पलीकडून धुरींनी भिंत ठोकली, मोबाइल उचला हो कुणीतरी.

काकू, आता बल्ब काढू?
दहापर्यंत मोज, म्हटलं,
आणि बोट लावून बघ कुठे गरम लागतंय.

इथे उडवायची सोय नाही,
विमानं आमच्या गच्चीवरूनच उतरतात.
रविवारी त्याचा मामा त्याला कर्जतच्या पुढे
कुठल्याशा माळावर नेणार आहे.
मी नाही जायची, गुडघे.
बल्ब तेवढा मागून घेतला,
फ्रिजवर ठेवलाय, मिठाच्या बरणीशेजारी.
पडद्याला अजून तो जुना वास येतो.
धुवायला काढायचाय.